मोठ्या टॅबवर एक्सेल
मोठा टॅब घेऊन ऑफिसचं काम करायचं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेलमध्ये फुकट एडिटिंग फक्त १०.१ इंच किंवा त्याहून लहान स्क्रीनवर मिळतं, त्याच्या वर गेलात की फाइल उघडते, वाचता येते, पण एडिट करायला मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं. म्हणजे ८ इंची टॅबवर फुकट आणि १४.६ इंची गॅलेक्सी टॅब एस८ अल्ट्रावर पैसे! मला हे अजिबात पटत नाही. गूगल शीट्सला अशी अट नाही.

बाकी काम करायला खरंच मजा येते. सॅमसंगचं डेक्स, म्हणजे टॅबची स्क्रीन कॉम्प्युटरसारखी वेगवेगळ्या विंडोंत वापरू देणारा मोड, चालू केलं की डावीकडे बिलाची पीडीएफ, उजवीकडे शीट, कीबोर्ड-माउस जोडला की बघून बघून आकडे भराभर टाकता येतात, सारखं ॲप बदलत बसावं लागत नाही. नुसत्या बोटाने मात्र वैताग येतो, एक सेल धरायला जावं तर चार सिलेक्ट होतात. आणि ज्यांच्या फाइलींमध्ये मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्यांनी लॅपटॉप विकायची घाई करू नये, टॅबवरच्या एक्सेलमध्ये ते चालतच नाहीत.