प्लास्टर निघाल्यानंतर दुखू लागलेली पोटरी

उजव्या घोट्याचे हाड मोडल्यामुळे घातलेले प्लास्टर मे महिन्याच्या सुरुवातीला निघाले आणि त्यानंतर लवकरच त्याच पायाची पोटरी दुखू लागली. इतके दिवस पाय हलला नव्हता, तेव्हा स्नायू आखडले असणार, असे घरात सगळ्यांनाच वाटले. पण हे दुखणे चालल्यावर मोकळे होत नव्हते; ते पोटरीत खोलवर ठणकत असे, संध्याकाळपर्यंत पाय जड होई आणि डाव्या पायातले पैंजण सैल असताना उजव्या पायातले कातडीत रुतून वळ उमटवत असे.

सासूबाईंचे म्हणणे होते, ‘नस चढली आहे, कोमट तेल लावून चोळून घे.’ शेजारच्या काकूंना हत्तीपायाची शंका आली, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग आहेच. मला मात्र खटकत होते ते हे, की सूज एकाच पायाला होती आणि ती वाढत होती. म्हणून तेलाची वाटी बाजूला ठेवून मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी शिंप्याकडे असते तशी साधी टेप काढली, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली पेनाने खूण केली आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. फरक तीन सेंटीमीटरहून अधिक निघाला. मग पोटरीच्या मागच्या बाजूने बोटांनी हळूहळू दाबत त्यांनी नेमके कोठे दुखते ते पाहिले, आणि दम लागतो का, श्वास घेताना छातीत दुखते का, खोकल्यातून रक्त पडते का, घरात कोणाला रक्ताच्या गाठीचा त्रास झाला होता का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, असे प्रश्न विचारले. या प्रश्नांनी मी घाबरले, परंतु त्यांनी प्रत्येकामागचे कारण शांतपणे सांगितले. पाय बराच काळ स्थिर राहिला की खोल शिरांमधला रक्तप्रवाह मंदावतो, इजेनंतर रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढते आणि त्यातून शिरेत गाठ धरू शकते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर जिवावर बेतू शकते. म्हणूनच अशी शंका असताना पोटरी चोळायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

डी-डायमर नावाची रक्ततपासणी करावी का, असे मी विचारले. शंका कमी असते तेव्हा ती तपासणी उपयोगी ठरते, कारण ती निगेटिव्ह आली की गाठ नसल्याचा बराच भरवसा देता येतो. पण हाड मोडल्यानंतर ती एरवीही वाढलेली असू शकते, आणि माझ्या बाबतीत प्लास्टर, सूज आणि दाबल्यावर दुखणे हे सर्व एकत्र असल्यामुळे थेट डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, करणेच योग्य, असे ते म्हणाले. त्यांनी त्याच दिवशीची चिठ्ठी दिली आणि आम्ही रिक्षाने धंतोलीतल्या सोनोग्राफी केंद्रात गेलो.

डॉप्लरची मला उगाच धास्ती होती. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. जांघेपासून घोट्यापर्यंत थंड जेल लावून प्रोब फिरवतात आणि जागोजागी तो दाबून पाहतात. पडद्यावर शिरेचे काळे वर्तुळ दिसत होते. मांडीत प्रोब दाबताच ते पूर्ण मिटत होते आणि हात सैल करताच पुन्हा उघडत होते. गुडघ्याच्या मागे आल्यावर मात्र कितीही दाबले तरी ते मिटेना, आणि आतला भाग काळा न दिसता करडा दिसत होता. तीच गाठ होती.

भरती व्हावे लागले नाही. किडनीची आणि रक्तपेशींची तपासणी करून रिव्हरॉक्सॅबन हे रक्त गोठण्यास आळा घालणारे औषध सुरू झाले: पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅम दोन वेळा, त्यानंतर 20 मिलिग्रॅम एकदा, तेही जेवणाबरोबर, कारण उपाशीपोटी ते नीट शोषले जात नाही. प्लास्टर हे कारण स्पष्ट असल्यामुळे तीन महिने उपचार पुरेसा ठरेल, असे डॉक्टरांनी सांगितले. हे औषध आधीच धरलेली गाठ विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवण्याचे काम शरीर हळूहळू करते, म्हणून दुखणे पहिल्याच आठवड्यात संपेल अशी अपेक्षा धरू नये. दुखल्यास पॅरासिटामॉल चालते, परंतु डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकल दुकानातून सहज मिळणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्यांत बहुधा याच असतात, त्यामुळे पाकिटावरचे नाव वाचल्याखेरीज मी एकही गोळी घेतली नाही. पाय हलवू नये ही समजूतही त्यांनी दूर केली, आणि सकाळी ऊन चढण्याआधी मी आमच्या गल्लीत चालू लागले. नागपूरच्या मे महिन्यात अंगातले पाणी फार लवकर कमी होते, त्यामुळे पाणी आणि ताक वेळेवर घेण्याकडे घरातल्या सर्वांनी लक्ष दिले.

अचानक दम लागला, छातीत कळ आली, चक्कर आली किंवा रक्त थांबेना, तर वाट न पाहता 108 वर फोन करायचा, असे मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. जेथे प्लास्टर घातले, तेथे हाडाविषयी सर्व काही सांगितले गेले, पण पोटरी दुखली किंवा एकच पाय सुजला तर लगेच या, एवढे वाक्य कोणी उच्चारले नाही. प्लास्टर घातलेल्या प्रत्येक माणसाच्या कागदावर ते ठळक छापलेले असायला हवे.

औषध बंद झाल्यानंतरही चालणे जास्त झाले की घोटा थोडा सुजतो आणि पाय उंचावर ठेवला की उतरतो. पुढे कधी शस्त्रक्रिया, पुन्हा प्लास्टर किंवा लांबचा प्रवास असेल, तर आधी हा इतिहास डॉक्टरांना सांगायचा आहे, म्हणून डॉप्लरचा रिपोर्ट मी फाईलमध्ये सर्वांत वर लावून ठेवला आहे.