रंकाळ्यापर्यंत, ताशी सहा

माझा भाचा क्रूझवर भटारखान्यात कामाला आहे. जहाज बंदराला लागलं की सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका बॅटरीच्या छोट्या गाडीवर बसतात आणि एकट्या शहर बघायला निघतात, असं त्यानं एकदा फोनवर सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी अठ्ठावन्न वर्षांची. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. पायाला आधाराचा कॅलिपर आणि काखेत कुबडी, यावर नोकरी केली, दोन पोरं वाढवली. पण गेल्या चार वर्षांत खांदे बोलायला लागलेत. राजारामपुरीतल्या घरातून भाजीपर्यंत जायचं तरी रिक्षा. कोल्हापुरात राहून रंकाळा तलाव बघून किती दिवस झाले, हे मोजायचंसुद्धा मी सोडून दिलं होतं.

गाडी घेतली चार चाकांची. तीनचाकी अरुंद जागेत झकास वळते, पण वळताना कलंडायची भीती. मोटर अडीचशे वॅटच्या आत, वेग ताशी सहा किलोमीटर. त्यामुळं नंबर प्लेट नाही, लायसन नाही. हे पहिल्याच आठवड्यात चौकातल्या एका पोलिसाला समजावून सांगताना सिग्नल तीनदा हिरवा झाला. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, रात्रभर चार्जिंग. दुकानदार वीस किलोमीटर म्हणाला होता, मला बारा मिळतात. जहाजावर म्हणे ही गाडी खोलीतच ठेवून तिथंच चार्ज करायची, बाहेरच्या बोळात लावलेली चालत नाही. आमच्याकडं ती देवघराशेजारी असते. ह्यांना जपाला बसताना चार्जरचा हिरवा दिवा दिसतो, त्यावर रोज एक टोमणा.

बाहेर पडल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की अंतराची काळजी करायचीच नसते. दोन किलोमीटर सहज जातात, अडतं ते शेवटच्या चार इंचांवर. फूटपाथची कड, दुकानाची पायरी, गटारीवरची जाळी. जाळीच्या पट्ट्या आपल्या दिशेनं असतील तर पुढचं चाक बरोबर फटीत बसतं. बिंदू चौकाच्या अलीकडं माझं बसलं. मागं केएमटीची बस, पुढं हातगाडा, मधे मी. आता जाळी दिसली की तिरकी जाते.

एका बागेच्या दाराशी मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेत. मोटारसायकल हँडल वाकडं करून निघून जाते, माझी गाडी तेवढी अडते.

आणि मग आपली माणसं. कोल्हापुरात अडलेल्या माणसाला मदत मागावी लागत नाही, ती अंगावर येते. मी पायरीसमोर थांबले रे थांबले की चौघं हजर. "मावशी, बसून ऱ्हावा, उचलतो." गाडी बॅटऱ्यांसकट पन्नास किलोची, वर मी. एक हँडल धरतो, दुसरा सीटचा हात, तिसरा पुढचं प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक एकाच्या हातात निघून आलं, तेव्हा तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला.

खरी फजिती झाली पंचगंगेच्या घाटाकडं जाणाऱ्या उतारावर. चढ परत चढेल का, म्हणून मी मधेच थांबले होते. बॅटरी वाचवावी म्हणून एका पोरानं गाडी ढकलायची ठरवली, आणि ढकलली जाईना म्हणून मागचा पिवळा खटका खाली दाबला. या गाडीचा ब्रेक विजेचा असतो. हँडलवरचा खटका सोडला की चाकं आपोआप जाम होतात. पण मागचा पिवळा दाबला की मोटर सुटते आणि ब्रेकही सुटतो. ती गाडी मग मोकाट जनावरासारखी. पंधरा-वीस फूट मी नदीच्या दिशेनं सरळ निघाले, तोंडातून "अंबाबाई" एवढंच. पुढं एकानं आपली सायकल आडवी घातली. त्याच्या चाकाची तार तुटली, माझी बांगडी. त्या दिवसापासून पिवळ्या खटक्याला रुमाल बांधलाय आणि कोणी मागं गेला की आधी ओरडते, "हात लावायचा नाही!"

मग सुताराकडून फळी करून घेतली. नियमाप्रमाणं उतार एकास बारा हवा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. एवढी फळी घेऊन कोण फिरणार? म्हणून तीन फुटी, बिजागरी लावून दुमडणारी, वर सँडपेपर चिकटवलेला. चढ खडा होतो, मागं एक माणूस लागतो, पण एकच. तो माणूस म्हणजे हे. आता चौघं धावून आले की मी फळी दाखवते आणि म्हणते, "उचलू नका, ही फक्त धरा." पोरं जरा हिरमुसतात.

अंबाबाईला बुधवारी पहाटे गेलो. शुक्रवारी जायची छाती नाही. गाडी महाद्वार रोडला एका फुलवालीच्या खोक्याशेजारी लावली, तिनं वर टोपली उलटी घातली. आत कुबडीवर गेले, मुखदर्शन घेतलं. डोंगरावरच्या जोतिबाचा विचारसुद्धा केला नाही. तिथून भवानी मंडप, मग खासबाग. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं हे मैदान मधल्या आखाड्याकडं उतरतं आहे, शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून. उताराची किंमत कळलेला राजा, असं मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, पुढं बघ, खड्डा आहे.

रंकाळा मात्र पोटभर बघितला. संध्यामठाच्या बाजूला पाणी हलत होतं, पलीकडं शालिनी पॅलेस. इथला नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं, रंकाळ्यात पोचला की प्रलय, असं आजी सांगायची. माझ्या गाडीला बघून एक फिरायला आलेले काका म्हणाले, "नंदीपेक्षा जोरात हाय की!" आणि भेळेचा कागद पुढं केला. दोन तास बसलो. चार्जचे चार ठिपके होते, त्यातले दोन राहिले.

परतताना गंगावेशीत दुधाचा कट्टा लागला. म्हशी रस्त्यातच उभ्या, मी भोंगा वाजवला तर एकीनं नुसतं कान हलवले. मालकानं धार काढता काढता माझ्या गाडीकडं बघितलं आणि अख्खं कोल्हापूर विचारतं तेच विचारलं, "ॲव्हरेज किती देती?"

"हिचं किती?" मी म्हशीकडं बोट केलं.

"दोन टायमाचं बारा लिटर."

"माझंपण बाराच. किलोमीटर."

तो हसला, फेसाचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हशीला बाजूला घेतलं. हे मागं फळी काखेत धरून उभे होते, त्यांना अर्धा दिला.