गाडीभाड्याच्या पलीकडे

कामासाठी दूर गेलेल्या माणसाची कुटुंबापासून ताटातूट होते तेव्हा सरकारने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा गाडीभाड्यापाशी येऊन थांबते. भारताच्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने कामगाराला जाण्यायेण्याचे भाडे आणि प्रवासकाळातील मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. तरतूद चांगलीच होती. पण गाडीभाड्याने भेट घडते, एकत्र राहणे घडत नाही, आणि माझ्या मते सरकारी मदतीचा खरा कस तिथेच लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि तो २००३ मध्ये लागू झाला. जोडीदार आणि अविवाहित अल्पवयीन मुले कामगारापाशी येऊ शकतील यासाठी देशांनी स्वतःला योग्य वाटतील ते उपाय योजावेत, असे त्याचे ४४ वे कलम सांगते. योग्य काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे! एवढी सैल भाषा असूनही पश्चिम युरोपातील देश, अमेरिका, कॅनडा आणि आखाती देश या कराराने स्वतःला बांधून घ्यायला तयार झाले नाहीत.

युरोपीय संघाचा कुटुंबे एकत्र आणण्याविषयीचा २००३ चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधणारा नियम, अधिक ठोस आहे. पण त्यातही पुरेशी जागा, आजारपणाचा विमा आणि स्थिर उत्पन्न या अटी घालण्याची, शिवाय दोन वर्षांपर्यंत थांबायला लावण्याची मुभा सदस्य देशांना आहे. नेदरलँड्सने काही अर्जदारांसाठी किमान वेतनाच्या १२० टक्के उत्पन्नाची अट घातली होती. अशी सरसकट मर्यादा लावून, त्या विशिष्ट कुटुंबाची परिस्थिती न पाहता अर्ज फेटाळता येणार नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये दिला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण उत्पन्नाची अट वरकरणी कितीही वाजवी दिसली, तरी तिच्यामुळे ज्याची मजुरी सर्वांत कमी त्याचीच ताटातूट सर्वांत लांबते. दक्षिण कोरियाच्या रोजगार परवाना पद्धतीत तर कारखान्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या परदेशी कामगाराला कुटुंब आणण्याची सोयच ठेवलेली नाही.

कुटुंबे येऊ दिली तर माणसे कायमची राहतील, ही सरकारांची भीती जुनी आहे. मात्र पश्चिम जर्मनीने १९७३ मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली तेव्हा उलटेच घडले. एकदा मायदेशी गेलो तर परत येता येणार नाही, या धास्तीने अनेक तुर्की कामगारांनी परतण्याऐवजी बायकामुलांनाच बोलावून घेतले. जाण्यायेण्याची वाट मोकळी असती, तर त्यांतले कित्येक जण कदाचित आपण होऊन परतलेही असते.

प्रवेशाचा परवाना मिळाल्यानंतरची एक विसंगती मला सर्वाधिक खटकते. उत्पन्न पुरेसे हवे असा आग्रह धरणारा तोच युरोपीय निर्देश, नव्याने आलेल्या जोडीदाराच्या नोकरीवर पहिले बारा महिने निर्बंध घालण्याची मोकळीकही देतो. एका मजुरीवर घर चालणार नाही अशी शंका असेल, तर दुसऱ्या कमावत्या हाताला पहिल्या दिवसापासून काम करू द्यावे. यासाठी सरकारला तिजोरीतून काही काढावेही लागत नाही.