तुम्ही विचारलंत म्हणून : अंधारात अडीच तास करता काय?

घरी फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर हुबेहूब विमान उडवायचा खेळ, आहे म्हटलं की लोक आधी विचारतात, "एअरबस आहे का?" मी डकोटा, म्हणजे जुनं पंख्यांचं विमान, उडवतो म्हटल्यावर त्यांचा उत्साह निम्मा ओसरतो. ते विमान मी रात्री मुंबईहून नागपूरला नेतो, घड्याळ पुढे पळवत नाही, पॉजही करत नाही, हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "अहो, अडीच तास अंधारात बसून करता काय? ऑटोपायलट लावायचा आणि झोपायचं ना!" नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, शेजारचे काका तर दर दिवाळीला विचारतात.

उत्तर एका शब्दात द्यायचं तर गणित. पण तेवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही.

आधी नागपूरच का, ते सांगतो. ३० जानेवारी १९४९ ला आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं. चारही विमानं नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर भेटायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. थैल्यांबरोबर प्रवासीही असत. सुरुवात इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने केली, मग हिमालयन एव्हिएशन आली, १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर काम इंडियन एअरलाइन्सकडे गेलं आणि १९७३ मध्ये सेवा बंद झाली. गंमत म्हणजे त्याच १९७३ मध्ये अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला रात्री विमानं गोळा करून पार्सलं वाटायला सुरुवात केली. त्यांच्या त्या युक्तीचं कौतुक जगभर झालं. आपल्या सोनेगावाचं नागपुरातही फारसं कोणाला ठाऊक नाही, याचा मला थोडा राग आहे.

त्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांतलं विमान म्हणजे डकोटा, मूळचं डग्लस डीसी-३. महायुद्ध संपल्यावर लष्कराची ही विमानं स्वस्तात विकायला निघाली आणि आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या त्यांवरच उभ्या राहिल्या. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, डीसी-३ त्यात फुकट आलं. माझी सोय झाली.

आता कॉकपिटमध्ये या. दोन इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलिंडरची, १,२०० अश्वशक्तीची. थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), प्रत्येकाचे दोन दांडे. ताकद वाढवायची तर आधी आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, आणि मग मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. कमी करायची तर आधी प्रेशर, मग आरपीएम. हा क्रम उलटला की इंजिनावर नको तेवढा ताण येतो. काउल फ्लॅप म्हणजे इंजिनाभोवतीच्या झडपा. त्या लवकर मिटल्या तर सिलिंडर तापतात, उघड्या राहिल्या तर वेग खातात. शेपटीखाली चाक असल्यामुळे जमिनीवर नाक आभाळाकडे असतं आणि शेपूट उचलेपर्यंत समोरची धावपट्टी दिसत नाही. सांताक्रूझहून निघाल्यावर पहिली वीस मिनिटं यातच जातात, झोप येण्याचा प्रश्न नाही.

मग ऑटोपायलट. तो आहे, स्पेरी कंपनीचा. पण त्याला एवढंच कळतं की नाक अमुक दिशेला धरायचं. तेही जायरोच्या, म्हणजे गरगर फिरणाऱ्या चाकावर दिशा धरून ठेवणाऱ्या यंत्राच्या, भरवशावर, आणि जायरो हळूहळू सरकत राहतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी तो चुंबकीय होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो. वारा विमानाला कुठे ढकलतोय याची तर त्याला गंधवार्ताही नसते.

सगळी मेख त्या वाऱ्यात आहे. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर, म्हणजे ३६८ सागरी मैल, दिशा ७१ अंश. समजा उत्तरेकडून वीस नॉटचा (तासाला वीस सागरी मैल) वारा आहे आणि डकोटा दीडशे नॉटने चाललंय. विमान सात अंश उजवीकडे सरकतं. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दुरुस्ती केली नाही तर अडीच तासांनी तुम्ही नागपूरच्या ऐंशी किलोमीटर दक्षिणेला, चिमूरच्या आसपास, काळोखात धावपट्टी शोधत फिराल. ऑटोपायलट पूर्ण वेळ चोख चाललेला असेल, तरीही.

म्हणून नाक ७१ वर न धरता ६४ वर धरायचं. पण ते सात अंशही अंदाजाचेच, कारण सात हजार फुटांवर वारा खरोखर किती आहे ते कोणी सांगत नाही. खात्री करायची ती औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. ते जवळजवळ रेषेवरच आहे, मुंबईपासून १४७ सागरी मैलांवर. समोरून येणारा थोडा वारा धरला तर एका तासात तिथे पोचायला हवं. पोचलो, पण शहराचे दिवे पाच मैल डावीकडे राहिले, तर काय? वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे: साठ मैलांत एक मैल बाजूला गेलात तर चूक एक अंशाची. १४७ मैलांत पाच, म्हणजे दोन अंश. एवढं वळलं तर रेषेला समांतर जाऊ, रेषेवर परत येणार नाही. उरलेल्या २२१ मैलांत ते पाच मैल भरून काढायला आणखी सव्वा-दीड अंश. एकूण साडेतीन अंश डावीकडे. हे सगळं कागदावर, पेन्सिलीने, मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन. तेवढ्यात जायरो सरकलेला असतो, एका इंजिनाचं तेल जरा गरम झालेलं असतं, टाकी बदलायची वेळ झालेली असते. दोन्ही इंजिनं मिळून तासाला नव्वद-शंभर गॅलन पितात.

जेट मी उडवून पाहिलंय. उत्तम असतं. पण तिथे आपण कुठे आहोत हे विमानाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, आणि पडद्यावरच्या जांभळ्या रेषेवरून ते जातंय की नाही एवढंच बघायचं राहतं. डकोटात आपण कुठे आहोत हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते दर काही मिनिटांनी स्वतः ठरवावं लागतं आणि नागपूरचे दिवे दिसेपर्यंत आपलं बरोबर होतं की नाही ते कळत नाही. मला हे हवं असतं. याला लोक नॉस्टॅल्जिया म्हणतात ते मला पटत नाही. १९४९ मध्ये माझे वडील प्राथमिक शाळेत होते. त्या काळाच्या आठवणीने मी कशाला हळवा होऊ?

सिम्युलेटरची एक पंचाईत मात्र आहे. विमान १९४९ चं, जमीन आजची. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बनवलेली असल्यामुळे रस्ते, वस्त्या, दिवे, सगळं आत्ताचं. म्हणून मी स्वतःला नियम घालून घेतलाय: तेव्हा जे नव्हतं त्याच्या खुणेने वाट ओळखायची नाही. चांदण्या रात्री डावीकडे भंडारदऱ्याचं पाणी चमकलं तर चालतं, ते धरण १९२६ चं. हरिश्चंद्रगड तर चालतोच. आपली रेषा जवळजवळ त्याच्या माथ्यावरून जाते, आणि १,४२४ मीटरच्या त्या डोंगराला विसरून चालणारही नाही. उजवीकडे एवढा मोठा नाथसागर दिसतो, तो मात्र बाद. जायकवाडी पूर्ण व्हायला १९७६ साल उजाडलं. औरंगाबादचे आजचे दिवे लांबूनच आभाळ उजळतात. जानेवारी १९४९ मध्ये निजामाचं राज्य जाऊन साडेचार महिनेही झाले नव्हते, तेव्हा हा एवढा झगमगाट कुठला? म्हणून घड्याळात ठरलेली वेळ होईपर्यंत मी त्या बाजूला बघतच नाही. शिवाय सेवेची पहिली रात्र अमावास्येला लागूनच होती. ती रात्र प्रामाणिकपणे उडवायची तर भंडारदराही गेला. घड्याळ आणि वारा, एवढंच उरतं.

काही मंडळी विमानाच्या अंगावरच्या रंगपट्ट्यांसाठी महिनोन्महिने वाद घालतात, पट्टा कितव्या खिडकीपाशी संपतो वगैरे. घालोत. माझी सगळी उड्डाणं रात्रीची, मला पट्टा दिसतच नाही. थंडी, कानठळ्या बसवणारा आवाज, पेट्रोलचा वास, यांतलंही काही माझ्या खोलीत येत नाही, त्यामुळे "अगदी तसंच" असा दावा मी करत नाही. हिशेब मात्र तोच आहे.

आणखी एक विचारलं जातं, थोडं दबक्या आवाजात: अपघाताची उड्डाणं करता का? नाही. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं, कंपनीचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण. त्यातला कैरोपर्यंतचा टप्पा मी आवडीने करतो. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं आणि आतले सगळे ४८ जण गेले. तो दिवस 'करून बघायला' देणाऱ्या फाइली लोक एकमेकांना पाठवतात. मी त्या उघडत नाही आणि उघडणाऱ्यांशी वादही घालत नाही.

हल्ली मी एकटा नसतो. एक मित्र दिल्लीहून निघतो, एक कलकत्त्याहून. दिल्लीवाला खरा न्यू जर्सीत राहतो आणि आपली मध्यरात्र साधायला भर दुपारी पडदे ओढून बसतो. तिघांनी सोनेगावला एकाच वेळी पोचायचं, हा खेळ. नागपूरला सगळ्यांत जवळ मुंबई, म्हणून मी शेवटी निघतो. कलकत्ता ५३० सागरी मैलांवर, त्या गड्याला माझ्याआधी तासाभराहून जास्त निघावं लागतं. जानेवारीत दिल्लीला धुकं पडलं की आम्ही दोघं नागपूरला इंजिनं बंद करून वाट बघतो, कारण दिल्लीच्या थैल्या आल्याशिवाय परत फिरण्यात अर्थ नाही. मद्रासची जागा सध्या रिकामी आहे. ४९० मैल, सव्वातीन-साडेतीन तास. कंपासपेटी तुमची तुम्ही आणायची.