साठच्या काट्यावरची थरथर : ओम्नी, नोंद तिसरी

माझ्या मारुती ओम्नी व्हॅनच्या थरथरीबद्दल मागच्या नोंदीत "क्रॉस बदलले की विषय संपला" असं मी ठणकावून लिहिलं होतं. संपला नाही. दोन्ही क्रॉस (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांचे सांधे) नवे, खिसा हलका, आणि वेगाचा काटा ताशी ५५ च्या पुढे सरकला की मधल्या सीटखाली तीच घूंऽऽ. साठला सगळ्यात जास्त, सत्तरनंतर ओसरते. आई त्याच सीटवर बसते, तिच्या तळपायांना मुंग्या येतात. स्टिअरिंगला मात्र काही नाही, म्हणून पुढची चाकं मी आधीच सोडून दिली होती. मागच्या चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, फरक शून्य.

क्रॉसचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत. मिस्त्री म्हणाला होता, "दादा, क्रॉसच गेलाय, बघायलाच नको." मागचा क्रॉस खोलला तर बेअरिंगच्या सुया रुतल्याच्या खुणा बोटाला लागत होत्या. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना होणारा 'टण्' गेला. पण साठची थरथर हा वेगळाच आजार निघाला. शिवाय शाफ्ट काढताना फ्लँजला (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) पंचाची खूण केलीच नव्हती, म्हणजे तो आधीच्याच कोनात बसला की नाही ठाऊक नाही. चार बोल्ट काढून फ्लँज अर्धा फेरा फिरवून बसवून पाहिला, कणभर फरक. काढण्याआधी खूण करा रे बाबांनो, खडूची चालेल.

मग जरा डोकं वापरलं. गाडी ९७ ची, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट जवळपास एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे दोष कुणाचा ते नुसत्या कानाने कळत नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर ६५ पर्यंत नेऊन न्यूट्रल केली. इंजिन आयडलला आलं, थरथर जशीच्या तशी. तिसऱ्या गिअरमध्ये साठला, तेच. म्हणजे इंजिन, क्लच, माउंटिंग सगळे निर्दोष. संशय गिअरबॉक्सच्या मागे.

आता चाक की शाफ्ट? पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून गिअर न्यूट्रलला घेतला आणि मागचं एक चाक घोडीवर उचललं. दुसरं जमिनीवर असताना उचललेलं चाक दोन फेरे फिरवायचं (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफ्रेन्शियलमुळे एक नाही, दोन), तेव्हा शाफ्ट पाच फेऱ्यांच्या जरा पुढे गेला. बारा इंची टायर साठच्या वेगाला सेकंदाला साधारण दहा फेरे घेतो. म्हणजे शाफ्ट पन्नासच्या आसपास. फोनच्या सेन्सरने थरथर मोजणारं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. फोन सीटखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि साठला चालवली. आलेखात सेकंदाला दहा धक्क्यांपाशी बारकासा उंचवटा, ५१ ला सरळ सुळका. चाक नाही, शाफ्टच. क्रॉसचा कोन चुकला की धक्का फेऱ्याला दोनदा बसतो, तो शंभरच्या घरात दिसला असता. तिथे सपाट. एका फेऱ्याला एकच धक्का म्हणजे एका बाजूला वजन.

मग टॉर्च घेऊन खाली सरपटलो आणि स्वतःवरच हसलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाळ्यासाठी खालून काळं अँटी-रस्ट कोटिंग मारून घेतलं होतं. थरथर जूनमधलीच! फवारणाऱ्याने गाडी उचलून खालून मारलं, त्या वेळी शाफ्ट स्थिर. त्यामुळे खालच्या अंगाला डांबरासारखा जाड लेप, वरच्या अंगाला मूळचा गंज. मधोमध तर एक ओघळ गोठून करंगळीएवढा झाला होता. मी तीन वेळा गाडीखाली गेलो आणि तिन्ही वेळा नजर फक्त क्रॉसवर.

शाफ्ट काढला (या वेळी खूण करून), रॉकेल आणि पुट्टीच्या पत्तीने खरवडला. वेल्डिंगने चिकटवलेला बॅलन्सचा तुकडा जागेवर होता, त्याला धक्का लावला नाही. खरवड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली : ४० ग्रॅम. काटा आईला न विचारता घेतला, ते प्रकरण वेगळं. चाळीस ग्रॅम म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण केंद्रापासून अडीच-तीन सेंटीमीटरवर, सेकंदाला पन्नास फेरे, आणि लेप अर्ध्या घेरावर पसरलेला हे धरून हिशेब केला, तर सहा-सात किलोचा झटका निघतो, तोही सेकंदाला पन्नास वेळा.

काल चाचणी झाली. ५१ चा सुळका पाचव्या हिश्श्यावर आला. ताशी ५८ ला अजून किंचित गुणगुण आहे, बहुतेक क्रॉस बदलतानाची. त्यासाठी शाफ्टच्या मागच्या टोकाला दोन होज क्लिपा (पाइप आवळायच्या पट्ट्या) लावून, त्यांच्या स्क्रूची डोकी (तेच वजन) शाफ्टभोवती थोडी थोडी सरकवत रस्त्यावर तपासणार. जमलं नाही तर शाफ्ट बॅलन्सिंगवाल्याकडे.

आणि पुढच्या मे महिन्यात कोटिंगला नेण्याआधी शाफ्टला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून नेणार.