फ्लोरिडा लॉग: पांढरे बगळे अजून जळतायत, पण कमी

मंडळी, नांदूरमध्यमेश्वरच्या (नाशिकजवळचं पक्षी अभयारण्य) नोंदीनंतर तीन महिन्यांनी लिहितेय. मधे कॅमेरा हातात नव्हता असं नाही, पण तोच खंड्या, तीच तार, काय लिहिणार. यावेळी माल आहे. ताई साउथ फ्लोरिडात राहते, डेलरे बीचपासून वीसेक मिनिटांवर, आणि गेली सहा वर्षं तिचं "ये गं एकदा" चालू होतं, शेवटी फेब्रुवारीत गेले. फेब्रुवारी मुद्दाम निवडला, कारण तिकडे साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन असतो, पाणी उतरत जातं, मासे उरलेल्या डबक्यांत गोळा होतात आणि त्यांच्यामागे पक्षी. पावसाळ्यात गेलात तर सगळीकडे पाणीच पाणी, पक्षी विखुरलेले, आणि डास तुम्हाला उचलून नेतील.

मागच्या वेळी मी तीन टार्गेट लिहिली होती, आठवत असतील तर: पांढऱ्या पक्ष्याच्या पिसांत डिटेल राखायचं (जास्त उजेडाने फोटोत पिसं 'जळून' नुसता पांढरा डाग होऊ द्यायचा नाही), मासा हवेत असतानाचा एक तरी शार्प फोटो, आणि मशिनगनसारखा बर्स्ट मारणं, म्हणजे बटण दाबून धरून धडाधड फोटो काढणं, बंद. तिसऱ्याबद्दल आत्ताच सांगते, नापास. गिअर तेच, क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि १५०-६०० ची झूम लेन्स. ट्रायपॉड नेला नाही, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) नेला, त्याबद्दल पुढे येतंच.

पहिले तीन दिवस नुसतं वाकोडाहॅची वेटलँड्स. मी पहाटे उठून जायचे आणि ताई म्हणायची, "अगं, तिथे रोज तेच पक्षी असतात ना?" असतात, म्हणून तर जायचं. ही जागा म्हणजे काउंटीच्या पाणी खात्याची आहे, सांडपाणी प्लांटमध्ये शुद्ध झालं की शेवटच्या धुलाईसाठी या तळ्यांत सोडतात. साधारण ५० एकर, १९९६ पासून, वरून लाकडी बोर्डवॉक. आपल्याकडे एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं) पाणी म्हटलं की लोक नाक दाबतात, इथे लोक कॅमेरे घेऊन पहाटे पार्किंगला रांग लावतात, आणि पार्किंग एवढंसं आहे, आठनंतर गेलात तर घिरट्या घालत बसा.

तळ्याच्या मधल्या झाडांवर वूड स्टॉर्कची घरटी होती. वूड स्टॉर्क म्हणजे आपल्या चित्रबलाकाचा अमेरिकन भाऊ समजा, फक्त याचं डोकं टक्कल पडलेलं आणि सुरकुतलेलं, ताईच्या मुलीने पाहिल्या पाहिल्या "मावशी, हा तर आजोबा" म्हटलं. घरटी इतकी जवळ की ६०० ला अख्खा पक्षी मावेना, मागे यावं लागलं! बिचारा डोळ्यांनी शोधून मासे धरत नाही, अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून चालत राहतो आणि काही लागलं की चोच मिटते, सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. आता अशी शिकार भरगच्च मासे असलेल्या उथळ पाण्यातच जमणार. म्हणजे पाणी वेळेवर उतरलं नाही तर पिल्लांना खायला नाही, आणि दक्षिण फ्लोरिडाचं पाणी माणसांनी कालवे खोदून, बांध घालून असं काही फिरवलंय की हा पक्षी १९८४ मध्ये धोक्याच्या यादीत गेला. २०१४ मध्ये त्याला एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आणलं. मी बघत होते तेव्हा नर काटक्या आणत होता आणि मादी त्या परत परत उचलून दुसरीकडे ठेवत होती. घर तसं सगळीकडे सारखंच.

आता पांढऱ्याचं. शेजारच्याच फांदीवर ग्रेट इग्रेट, म्हणजे आपला मोठा बगळा, विणीच्या पिसाऱ्यात. डोळ्यापुढची कातडी एकदम पोपटी झालेली आणि पाठीवरून ती झिरमिरीत पिसं लोंबतायत. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो फुकट, पिसांच्या जागी टूथपेस्ट. मी कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर भरवसा ठेवून बसले होते आणि मागे गडद हिरवी झाडी, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि बगळा जळतो. दुसऱ्या दिवशी एक्सपोजर मायनस १ वर नेलं, झिब्रा (जास्त उजेडाच्या जागी स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) चालू केला, तरी खांद्यावर पट्टे दिसतच होते, मायनस १.७ वर थांबले. तिसऱ्या दिवशी अक्कल आली आणि सरळ मॅन्युअल, १/२५००, एफ ६.३, आयएसओ उन्हात बसलेल्या बगळ्यावरून ठरवला आणि मग हात लावला नाही. उजेड तोच असेल तर बगळा हिरव्यासमोर असो की आकाशासमोर, त्याचं पांढरं तेवढंच पांढरं. हे मला तुमच्यापैकी किमान तिघांनी सांगितलं होतं, माहितीये, बोलू नका. पण त्याच सेटिंगवर त्याच झाडावरचा काळा अ‍ॅनहिंगा पक्षी म्हणजे कोळशाचा तुकडा, आणि दोघं एका फ्रेममध्ये आले की कुणाला वाचवायचं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सध्या बगळा वाचवते आणि काळ्याच्या सावल्या नंतर रॉ फाइलमध्ये उजळते, थोडा नॉइज येतो, येऊ दे.

याच पिसांपायी हे बगळे एकेकाळी संपत आले होते, बायकांच्या हॅटवर खोवायला सोन्याच्या भावाने पिसं विकली जायची आणि ती विणीतच येतात म्हणून घरट्यावरच गोळी, पिल्लं मागे उपाशी. एव्हरग्लेड्सच्या टोकाला फ्लेमिंगो नावाचं गाव होतं, तिथला वॉर्डन गाय ब्रॅडली १९०५ मध्ये अशाच शिकाऱ्यांना अडवायला गेला आणि त्याला मारून टाकलं. मी ३००० फ्रेम उडवून एक पीस नीट येत नाही म्हणून रडतेय.

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी वेतातून जांभळं काहीतरी हललं, मी दम रोखून थांबले, पर्पल गॅलिन्यूल, तिकडचा जांभळा पाणपक्षी, माझ्या लिस्टवर एक नंबरला होता. बाहेर आली कोण, तर आपली जांभळी पाणकोंबडी! तीच, नांदूरला चापडगावच्या टॉवरखाली शंभरांनी दिसते ती, लाल कपाळ, पांढरी ढुंगणी, चालीत तोच माज. तेरा-चौदा हजार किलोमीटर उडून आले आणि निफाड तालुका समोर उभा. नंतर कळलं, १९९० च्या दशकात तिथे कुणाच्या तरी पाळलेल्या सुटल्या आणि पसरल्या. २००६ ते २००८ मध्ये सरकारने ३ हजारांवर मारून पाहिल्या, काही फरक पडला नाही, शेवटी २०१३ मध्ये अमेरिकन बर्डिंगवाल्यांनी मुकाट्याने आपल्या यादीत घेतली. तिथले लोक तिच्याकडे जरा नाक मुरडून बघतात. मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं आणि मी अर्धा तास तिचेच फोटो काढत बसले, म्हणजे फोटो तसे आपल्याकडचेच, पण बॅकग्राउंड भारी.

खरा पर्पल गॅलिन्यूल ग्रीन के वेटलँड्सला मिळाला, तेही तिथून जवळच, तेही तसलंच सांडपाण्याचं, आधी तिथे शेत होतं. छोटासा, निळा-जांभळा-हिरवा, चोच लाल आणि टोक पिवळं, पिवळ्याधमक लांब बोटांनी पानांवरून टुकूटुकू चालतो, आपल्या कमळपक्ष्यासारखा. इथे मोनोपॉडने दगा दिला. बोर्डवॉकवर कुणी जॉगिंग करत आलं की अख्खं लाकूड थरथरतं आणि ते मोनोपॉडमधून सरळ लेन्समध्ये, १/५०० चे सगळे फोटो हलले. हातात धरून काढलेले उलट शार्प आले. अजून एक, ताईच्या घरी एसी असा की स्वेटर घालावा, तिथून बाहेर दमट हवेत आलं की पुढची काच धुकट, वीस मिनिटं फुकट. मग रात्री बॅग गॅरेजमध्ये ठेवायला लागले.

पाचवा दिवस लॉक्साहॅचीच्या रेफ्यूजला (अभयारण्यच), स्नेल काइटसाठी. हा शिकारी पक्षी जवळपास फक्त गोगलगाई खाऊन जगतो, चोच बारीक आणि आकड्यासारखी, शंखातून मांस ओढायला. काही वर्षांपूर्वी तिकडे बाहेरून आलेली मोठी गोगलगाय पसरली, सगळ्यांना वाटलं आता हा संपला, तर झालं उलटंच, पक्ष्यांची शरीरं आणि चोची थोड्याच पिढ्यांत मोठ्या होताना दिसल्या. तर तो आला. नर, राखाडी, केशरी पाय, माझ्यापासून वीस मीटरवर, पाण्यावरून गोगलगाय उचलली. आणि माझा बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) फुल्ल, कारण त्याआधी दहा सेकंद मी एका लिंपकिन नावाच्या पाणपक्ष्यावर सेकंदाला ३० च्या स्पीडने बर्स्ट मारत होते, आणि तो लिंपकिन नुसता उभा होता!! हलतही नव्हता. कार्डवर लिहायचा दिवा लुकलुकतोय आणि काइट आरामात गेला. जे दोन फोटो निघाले त्यात इलेक्ट्रॉनिक शटरमुळे पंख केळ्यासारखे वाकलेत. तेव्हापासून मेकॅनिकल शटर, १५ पुष्कळ झाले.

एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कला दोन दिवस दिले. शार्क व्हॅलीचा २४ किलोमीटरचा लूप सायकलवर केला, मगरी रस्त्याच्या कडेला गोण्या टाकल्यासारख्या पडलेल्या, पहिल्या मगरीचे ९० फोटो आणि दहाव्यापासून नुसती घंटी. मगर म्हणजे अ‍ॅलिगेटर, १९६७ मध्ये धोक्यात होता, १९८७ मध्ये यादीतून काढला. हा प्राणी चिखलात खड्डे उकरून ठेवतो, कोरड्या दिवसांत पाणी तिथेच उरतं, मासे तिथेच, म्हणून बगळे त्याच्या जबड्याशेजारी उभे राहतात. गुलाबी चमचे, रोझिएट स्पूनबिल, तिथल्याच एका खड्ड्यावर सहा मिळाले, पण भर दुपारी, वाफेने सगळं विरघळलेलं. ठेवलेत फक्त नोंदीसाठी.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघून होमस्टेडजवळचा अ‍ॅनहिंगा ट्रेल. पार्किंगमध्ये काळी गिधाडं गाड्यांचे वायपर आणि खिडकीचं रबर खातात, म्हणून तिथे ताडपत्र्या ठेवल्यात, गाडी झाकायची आणि जायचं. आपल्याकडे माकडं, तिकडे गिधाडं. अ‍ॅनहिंगा म्हणजे आपल्या सर्पपक्ष्याचा सख्खा चुलत, पिसं वॉटरप्रूफ नाहीत, म्हणून सहज बुडतो आणि मग तासन्‌तास पंख वाळत घालतो. मासा भाल्यासारखा भोसकतो, मग वर येऊन झटकून हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. यावेळी ठरवलं, एकाच पक्ष्यापाशी बसायचं. तीन तास बसले. सात वेळा मासा धरला त्याने, पहिल्या चार वेळी मी उशीर. पाचव्यांदा लक्षात आलं की उडवायच्या आधी तो मासा फांदीवर आपटतो आणि मग क्षणभर मान मागे घेऊन थांबतो, तेव्हाच बोट दाबायचं. सातव्यांदा मिळाला. मासा हवेत, पाण्याचे थेंब, मान एस आकारात. झूम करून पाहिलं तर फोकस माशाच्या डोळ्यावर, पक्ष्याचा डोळा किंचित सॉफ्ट. कॅमेऱ्याच्या आय डिटेक्शनने (आपोआप डोळा शोधणाऱ्या फोकसने) माशाचा डोळा पकडला, काय बोलणार.

हिशोब: ९ दिवस, ६,४०० फ्रेम, ठेवल्या २१२, दाखवण्यासारख्या १९. नवीन पक्षी ४१. बगळ्याच्या पिसांत डिटेल असलेले ७ फोटो, मागच्या वेळी शून्य होते.

पुढच्या रविवारी पहाटे नांदूरला जातेय, सर्पपक्ष्यावर हीच मान-मागे युक्ती लागू पडते का बघायला. गाडीत दोन जागा आहेत, नाशिकच्या द्वारका सर्कलला साडेपाचला. काळा आणि पांढरा एका फ्रेममध्ये कसे सांभाळायचे हे ज्याला येतं त्याने पुढच्या सीटवर बसावं.