वीस जीबीचा हिशेब

लिनक्सचा इन्स्टॉलर भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो, टाइमझोन विचारतो. आपण धडाधड उत्तरं देत जातो. मग डिस्कचा तो आडवा रंगीत पट्टा समोर येतो आणि माऊसवरचं बोट थबकतं. ‘सगळी डिस्क पुसून टाका’ असा सोपा पर्याय असतो, पण ज्याच्या मशीनवर आधीच काही नांदतंय त्याच्या तो उपयोगाचा नाही. नव्या सिस्टीमला किती जागा द्यायची हे ठरवायला त्याने पट्ट्यातली उभी रेघ डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. बारा जीबी. छे, पंधरा. वीस? एवढे कशाला, हलकीफुलकी सिस्टीम तर टाकतोय!

गफलत होते ती इथेच. हलका डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा हलका अवतार, हलका असतो तो रॅमला आणि प्रोसेसरला. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी अशा साध्या डेस्कटॉपला नखरे कमी, मागे चालणाऱ्या सेवा मोजक्या, म्हणून दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही त्यावर चालायला लागतो. पण त्यावर आपण जो ब्राऊझर टाकतो तो नव्याकोऱ्या मशीनवर असतो तोच. लिबरऑफिस तेच, फाँट तेच, प्रिंटरची सगळी लटांबळं तीच. खाली डेस्कटॉप कोणता आहे हे पाहून यातलं कोणीही डिस्कवर अंग चोरून बसत नाही.

कमी जागेच्या बढाया खोट्या असतात असं नाही. डॅम स्मॉल लिनक्स नावाच्या डिस्ट्रोने ५० एमबीची लक्ष्मणरेषा आखून घेतली होती, कारण व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर तेवढंच मावायचं. त्याच प्रकल्पात काम केलेल्या रॉबर्ट शिंगलडेकर यांनी पुढे टायनी कोअर हा आणखी छोटा डिस्ट्रो काढला. त्याचा डेस्कटॉप वीस-पंचवीस एमबीत उभा राहतो, आणि तो उभा राहताना पाहणं हा खरोखर आनंद आहे. पण मधल्या काळात वेब इतकं फुगलं की डॅम स्मॉल लिनक्स दीर्घ झोपेनंतर २०२४ साली परतलं ते ७०० एमबीची, म्हणजे एका अख्ख्या सीडीची मर्यादा घेऊन. काटकसरीत ज्याचा हात कोणी धरत नव्हतं, त्यालाही चौदापट जागा मागावी लागली. डेबियन हा जुना, मोठा डिस्ट्रो आपल्या मार्गदर्शिकेत डेस्कटॉपसाठी सरळ १० जीबी सांगून मोकळा होतो. मला हा आकडा प्रामाणिक वाटतो, फक्त तो पहिल्या दिवसाचा आहे.

दुसऱ्या दिवसापासून डिस्कवर गाळ साचू लागतो. कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपडेट होतो, पण जुना जात नाही. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या ट्रंकांसारखी त्याची मॉड्यूलं, म्हणजे सुटे भाग, काही शे एमबी अडवून पडून राहतात. (एक जुना कर्नेल ठेवावाच. नवा रुसला तर तोच वाचवतो. चार ठेवू नयेत.) मागच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचं जर्नल, म्हणजे नोंदवही, तर बसल्या जागी फाइल सिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत पसरू शकतं, कमाल ४ जीबी. म्हणजे वीस जीबीच्या रूटमध्ये, सिस्टीम जिथे बसते त्या तुकड्यात, दोन जीबी नुसती दैनंदिनी, तीही आपण कधी न वाचणारी. सॉफ्टवेअर आणणाऱ्या एपीटी-गेट या कमांडने उतरवलेली पॅकेजं कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, तशीच. आणि फ्लॅटपॅक या दुसऱ्या वाटेने एखादा चिमुकला कॅल्क्युलेटर मागवावा, तर तो आपलं रनटाइम, म्हणजे चालायला लागणारा सगळा पसारा, घेऊन वरातीसकट येतो. यातलं काहीच चुकीचं नाही. प्रत्येकाचं कारण ऐकलं तर पटतंही. पण पट्ट्यावर रेघ ओढताना यातला एकही समोर हजर नसतो.

छोट्या डिस्कचं हे दुखणं जुनंच आहे. २००७ साली आलेल्या आसुसच्या ई पीसी या चिमुकल्या लॅपटॉपमध्ये उण्यापुऱ्या चार जीबीची डिस्क होती आणि तिच्यावर झॅन्ड्रॉस लिनक्स. मूळ सिस्टीम फक्त वाचता येणाऱ्या भागात आणि आपले बदल त्यावर दुसऱ्या थरात, अशी रचना होती. बिघडलं तर वरचा थर पुसला की मशीन पुन्हा नवं, ही सोय मोठी. पण नको असलेलं मूळ सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी जागा एका केबीने सुटत नसे. ते फक्त दिसेनासं व्हायचं.

डिस्क पूर्ण भरली की सिस्टीम सरळ तसं सांगेल अशी आपली भाबडी समजूत असते. होम, म्हणजे आपल्या फायलींची जागा, आणि रूट एकाच तुकड्यावर असतील तर काय होतं पाहा. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाकावा. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा हजर. पासवर्ड चुकला असता तर तसं लिहून आलं असतं. इथे काहीच येत नाही. माणूस कॅप्स लॉक तपासतो, पुन्हा टाकतो, पुन्हा तेच. आत घडलेलं असतं एवढंच, की होममध्ये एक्सअथॉरिटी नावाची एवढीशी फाईल लिहायलाही जागा उरलेली नाही आणि त्यावाचून डेस्कटॉप सुरू व्हायला तयार नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर जावं, डिस्कचा हिशेब सांगणारी डीएफ कमांड मारावी, तेव्हा कुठे ते १०० टक्के दिसतात.

तिथेही एक चमत्कार. एकूण वीस, वापरलेले एकोणीस, आणि उपलब्ध शून्य! तो एक जीबी कोणी गिळलेला नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम आपल्या जागेचे ५ टक्के रूट नावाच्या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे बाकीच्यांनी सगळं भरून टाकलं तरी आवराआवर करणाऱ्याला हातपाय हलवता यावेत. ट्यून२एफएस या कमांडने हा राखीव वाटा कमी करता येतो. सिस्टीमच्या तुकड्यावर मी त्याला हात लावत नाही. नुसते फोटो-व्हिडिओ ठेवायच्या एक टीबीच्या तुकड्यावर मात्र पन्नास जीबी राखून ठेवण्यात अर्थ नाही, तिथे तो एक टक्क्यावर आणावा.

होमला वेगळा तुकडा द्यावा का, यावर भांडणारे पुष्कळ. चारशे जीबी हाताशी असतील तर खुशाल करावं. सिस्टीम बदलली तरी आपल्या फायली जागच्या जागी राहतात. पण तीस जीबीत दोन खोल्या काढल्या की एक गच्च भरते आणि दुसरी रिकामी पडते, हे जवळजवळ ठरलेलं. तिथे सगळं एकत्रच बरं. स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायच्या जागेला, रॅमच्या दुप्पट जागा हा जुना पाढा आता म्हणायची गरज नाही. हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करायचं असेल तर साधारण रॅमएवढी लागते, नसेल तर एक-दोन जीबीची स्वॅपफाईल पुरते, आणि ती नंतर कधीही करता येते.

खरा विचार करायचा तो रेघेच्या बाजूचा, कारण पट्ट्याची दोन्ही टोकं सारखी नाहीत. ईएक्सटी४चा तुकडा उजवीकडे वाढवणं सोपं, चालू सिस्टीमवरही जमतं. लहान करायचा तर तो अनमाउंट, म्हणजे वापरातून बाजूला, करावा लागतो, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह सिस्टीम आलीच. आणि डावीकडची कड हलवायची म्हटलं की आतला सगळा डेटा उचलून पुढे-मागे करावा लागतो. तासन्‌तास ती पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि मध्येच वीज गेली तर देवच आठवतो.

म्हणून हलक्या सिस्टीमला मी वीस-पंचवीस जीबी देतो आणि जमलं तर तिच्या उजवीकडे दहाएक जीबी कोणाच्याच नावावर न करता सोडून देतो. पट्ट्यावर तो राखाडी तुकडा उधळपट्टीसारखा दिसतो खरा. पण ब्राऊझर, जर्नल आणि आपण स्वतः किती खातो याचा अंदाज दोन-चार महिन्यांनी डीएफवर दिसू लागतो. तेव्हा डिस्कचे तुकडे बदलणारं जीपार्टेड उघडायचं आणि कड उजवीकडे ओढायची.